बरं झालं कळलं

मी पुठ्ठा बोलतोय. हसू नका. आज तुम्हाला कॉलरच्या आकाराचा, कडेने झिजलेला, भोक पाडून खिळ्याला अडकवलेला एक तुकडा दिसत असेल. पण एके काळी माझ्या अंगावर अख्खं वर्ष होतं. रोज एक पान फाडायचं, त्या जातीचं कॅलेंडर होतो मी. पुढच्या बाजूला ठसठशीत तारीख आणि मागच्या बाजूला ‘आजची माहिती’. कधी एखाद्या शब्दाचं मूळ, कधी इतिहासातला एखादा किस्सा, कधी मुंग्या, कधी ग्रहतारे.

तारखेसाठी मला कुणी विचारत नसे. ती हल्ली फोनवरही दिसते. माझी खरी ऐट पानांच्या पाठीवर होती.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथे मुद्रितं तपासणाऱ्या एक बाई होत्या, कानामागे पेन्सिल खोचलेल्या. कुठे ‘असे म्हणतात’ दिसलं की त्यांचा पारा चढायचा. “कोण म्हणतं? नाव सांगा, नाहीतर खोडा!” त्यांच्या त्या पेन्सिलीमुळे माझ्या पोटात खोटं एक अक्षर गेलं नाही. याचा मला फार गर्व होता. गर्वाचं घर खाली, हेही मला माहीत होतं, पण माहिती असणं आणि अंगी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फक्त शेवटच्या पानाची पाठ कोरी होती. ते पान माझ्या छातीला टेकलेलं, तिथे डिंकाचा एखादा थेंब हटकून पडायचा, म्हणून त्यावर काही छापायचंच नाही अशी त्या छापखान्याची रीत. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पानं एकत्र करून मला टाचणारा बाईंडर शांत माणूस होता. त्याने मला घरी नेलं ते थेट शिवणकामाच्या दुकानात. रस्त्याकडेची खोली दुकान आणि मागच्या खोल्या घर, अशी रचना. दुकान दोघी चालवायच्या. एक त्याची थोरली बहीण आणि दुसरी त्याची बायको. म्हणजे नणंद आणि भावजय. बायको नणंदेला ‘वन्सं’ म्हणायची, तेही अशा खणखणीत आवाजात की समोरच्या फुटपाथवरचा माणूस वळून बघायचा. ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही त्यांना ‘वन्सं’च म्हणू लागली. रोज सकाळी येणारा पोस्टमन, वयाने त्यांच्याहून मोठा असूनही, “वन्संबाई, टपाल!” अशी हाक मारायचा. मग ‘वहिनी’ हे नाव दुसरीला चिकटायला वेळ लागला नाही.

वन्सं कापायच्या, वहिनी शिवायची. मधे कापायचं लांब टेबल, एका बाजूला खिडकीजवळ मशीन, दुसऱ्या बाजूला इस्त्री, कोपऱ्यात मापाचा बिनडोक्याचा पुतळा आणि त्याच्या वर भिंतीला मी. वन्संना आता जवळचं धड दिसत नव्हतं. सुईत दोरा ओवणं त्यांनी सोडलं होतं. त्यामुळे वहिनी सकाळी आल्याआल्या दहाबारा सुया ओवून पिनकुशनमध्ये रांगेत टोचून ठेवायची. आणि वहिनीच्या छोट्या कात्रीला धार लावायचं काम वन्संचं. ती कात्री दुसऱ्या कुणी हातात घेतली तर वन्सं त्याच्याकडे चोराकडे बघावं तशा बघायच्या.

माझ्याबाबतीत त्यांनी एक नियम केला. एक दिवस एकीने पान फाडायचं, दुसऱ्या दिवशी दुसरीने. जिची पाळी तिने मागची माहिती मोठ्याने वाचायची, एक अक्षर न गाळता. आणि ऐकणारीने, माहिती कामाची असो वा नसो, म्हणायचं, “बरं झालं कळलं!”

“मध नीट झाकून ठेवला तर वर्षानुवर्षं खराब होत नाही.”

“बरं झालं कळलं! आपल्याकडे तो चार दिवस टिकत नाही, तो भाग वेगळा.”

“फीत हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि अस्तर फारसीतून.”

“बरं झालं कळलं! म्हणजे कालच्या त्या झग्याला आपण दोन देश लावले.”

एकदा माझ्या पानावर आलं, की शिवणयंत्र नवीन होतं तेव्हा एका फ्रेंच शिंप्याच्या कारखान्यात बाकीचे शिंपी घुसले आणि पोट मारलं जाईल या भीतीने त्यांनी सगळी यंत्रं मोडून टाकली. त्या संध्याकाळी वहिनीने मशीनवर एकाऐवजी दोन कापडं घातली. “उगाच कुणाची नजर नको,” म्हणाली. वन्सं इतक्या हसल्या की त्यांच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या.

खरं सांगतो, मी तिथे सुखात होतो. आपलं म्हणणं रोज कुणीतरी ऐकून घेतंय, याहून जास्त काय हवं असतं?

मग मखमल आली.

गावातल्या नाट्यगृहाला नवा पडदा हवा होता, गडद लाल मखमलीचा. एवढं मोठं काम दुकानात प्रथमच येत होतं. कापडाचे गठ्ठे आले तेव्हा टेबल, खुर्च्या, पुतळा, सगळं लालेलाल झालं. आता मखमलीचं एक असतं. तिला लव असते. एका अंगाने हात फिरवला तर ती गडद दिसते, उलट्या अंगाने फिरवला तर फिकट. म्हणून सगळे पट्टे एकाच दिशेने जोडायचे असतात, आणि ती दिशा विसरू नये म्हणून कापतानाच प्रत्येक पट्ट्याच्या पाठीवर खडूने फुली मारायची असते.

अर्धे पट्टे वन्संनी कापले आणि फुल्या मारल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची दाढ ठणकली, गाल सुजला, त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. काम अडायला नको म्हणून उरलेले पट्टे वहिनीने कापले आणि तिनेही फुल्या मारल्या. मग तिने सगळ्या फुल्या एका टोकाला घेऊन पडदा जोडला.

मी वरून बघत होतो. वन्संनी फुली मारली होती पट्ट्याच्या वरच्या टोकाला. कापणारी बाई मोजायला सुरुवात वरून करते ना! आणि वहिनीने मारली खालच्या टोकाला. शिवणारीचं काम खालच्या दुमडीपासून सुरू होतं ना! इतकी वर्षं दोघी शेजारी शेजारी काम करत होत्या, पण फुली मारायची ती एकीनेच, वन्संनी. त्यामुळे ‘फुली कुठल्या टोकाला’ हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता. मला दिसत होतं आणि मला तोंड नव्हतं. साऱ्या जगाची माहिती माझ्या पानांवर होती, नेमकी ही एक नव्हती.

पडदा टांगला, दिवे लागले, आणि एक पट्टा वाइनसारखा तर दुसरा विटकरीसारखा दिसू लागला. नाट्यगृहाचे व्यवस्थापक सभ्य होते. ते म्हणाले, “कल्पना चांगली आहे, पण आम्हाला एकच रंग हवा होता.”

पडदा परत आला. दोघींनी तो उसवला, अर्धे पट्टे फिरवले, पुन्हा जोडला. दुसऱ्यांदा तो असा सुंदर पडला की व्यवस्थापक स्वतः सांगायला आले. पण त्याआधी दुकानात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

“फुली बघून जोडायला काय झालं होतं?”

“फुली बघूनच जोडलंय, वन्सं. तुमच्याच फुल्या उलट्या पडल्या असतील.”

“माझ्या? मी ही कात्री धरली तेव्हा तू फ्रॉक घालत होतीस.”

“म्हणून काय चुका करायच्या नाहीत असं थोडंच आहे? दाढ दुखत होती तुमची. लक्ष नसेल.”

“दाढ माझी दुखत होती, डोळे नव्हते दुखत.”

“डोळ्यांचं तर बोलूच नका,” वहिनी म्हणाली.

उचलली जीभ लावली टाळ्याला. हे वाक्य तोंडातून सुटलं आणि वहिनीलाच कळलं की हे सुटायला नको होतं. वन्संनी हातातला खडू टेबलावर ठेवला, अगदी हळू. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. बाईंडर बिचारा मधल्या दारात उभा होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करतो काय? तो चहा करायला आत गेला आणि चहा घेऊन बाहेर यायला त्याला फार वेळ लागला.

आता गंमत ऐका. बोलणं बंद झालं, पण माझं पान बंद झालं नाही. नियम तो नियम. सकाळी जिची पाळी ती पान फाडायची आणि मोठ्याने वाचायची, पण दुसरीकडे बघून नव्हे. कोपऱ्यातल्या पुतळ्याकडे बघून! लेकी बोले सुने लागे, यातला प्रकार.

“ऑक्टोपसला तीन हृदयं असतात,” वन्सं पुतळ्याला सांगायच्या. आणि स्वतःच्या खिशातलं एक वाक्य जोडायच्या, “काहींना एकसुद्धा नसतं.”

दुसऱ्या दिवशी वहिनी पुतळ्याला सांगायची, “मुंग्यांना कान नसतात, पण जमिनीची थरथर त्यांना पायांनी कळते.” मग मशीनवर बसता बसता, “कान असून न ऐकणाऱ्यांपेक्षा बऱ्या.”

“गोगलगायीला हजारो दात असतात,” हे वन्संच्या पाळीला आलं तेव्हा तर काही जोडावंच लागलं नाही. त्यांनी नुसता मशीनकडे एक कटाक्ष टाकला.

माझ्या निर्मळ, तपासलेल्या माहितीचे असे दगड झालेले बघून मला फार वाईट वाटायचं. पण सगळ्यात वाईट वाटायचं ते वाचून झाल्यानंतर. तिथे एक जागा रिकामी राहायची. ‘बरं झालं कळलं’ म्हणण्याएवढी. पोस्टमन एकदा ती भरायला गेला. “बरं झालं कळलं, वन्संबाई!” असं उत्साहाने म्हणाला. दोघींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढचे काही दिवस तो टपाल दारातूनच आत सरकवायचा.

आणि तरीही, सुया रोज ओवलेल्या असायच्या. पिनकुशनमध्ये रांगेत, दोऱ्याचं टोक गाठ मारून तयार. आणि वहिनीची कात्री कधी बोथट झाली नाही. ही माणसं अशीच असतात. तोंडाने तोडतात आणि हातांनी जोडत बसतात.

वहिनीला एक खोड होती, ती फक्त मलाच ठाऊक. दुकानात कुणी नसलं की ती माझी पुढची पानं हळूच उचलून वाचायची. आपल्या पाळीला काय येणार हे आधी बघून टोमणा तयार ठेवायची. एकदा अशीच वाचताना ती एका पानावर थबकली. त्यावर लिहिलं होतं: नणंद हा शब्द संस्कृतातल्या ‘ननान्दृ’वरून आला, जुने व्याकरणकार त्याची फोड ‘जी खूश होत नाही ती’ अशी करतात.

मला वाटलं, झालं! आता या पानाचा तोफगोळा होणार. शिवाय ते पान नेमकं तिच्याच पाळीचं.

तो दिवस उजाडला. वहिनीने पान फाडलं, मागे वळवलं. वन्सं टेबलावर वाकून कापत होत्या, कान इकडे. वहिनी पुतळ्याकडे बघून म्हणाली, “आज काही विशेष नाही.” आणि तिने ते पान चौपदरी घडी करून मशीनच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवलं.

काही विशेष नाही? माझा केवढा अपमान! माझ्या आयुष्यात प्रथमच एक पान न वाचलेलं गेलं. मी दिवसभर फुरंगटून लटकत होतो. संध्याकाळी झाडताना वन्संना ती घडी सापडली. त्यांनी ती उलगडली, हात लांब करून, डोळे बारीक करून वाचली. पुन्हा वाचली. मग जशी होती तशी घडी घालून मशीनच्या पायाखाली ठेवून दिली. माझा राग तिथेच उतरला.

पण तेवढ्याने अबोला सुटला नाही. कुणी आधी बोलायचं, हा प्रश्न होताच. उलट वर्ष सरत आलं तशी एक बातमी दुकानात आली. दोन गल्ल्या सोडून, सायकलवाल्याच्या वरची एक खोली वहिनीने बघितली होती. नव्या वर्षापासून ती मशीन तिकडे हलवणार होती. तिने हे वन्संना सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला सांगितलं, वन्सं ऐकतील एवढ्या आवाजात. “एक तारखेपासून तिकडे या हं.”

वन्संनी मान वर केली नाही. पण त्या दिवशी त्यांची कापड कापणारी कात्री मधेच थांबली, आणि त्या बाहीला नंतर एक जोड द्यावा लागला.

मी रोज बारीक होत होतो. भिंतीवरून बघायचो आणि मोजायचो, की माझी पानं संपली की या दोघींमधलं उरलंसुरलं बोलणंही संपणार. पुतळ्याशी का होईना, पण बोलत तरी होत्या. मला माझ्या संपण्याचं दुःख नव्हतं. कॅलेंडरचं ते कामच आहे. मला काळजी होती, ती सकाळच्या सुयांची.

शेवटचा दिवस आला. वहिनीच्या मशीनला दोरी बांधून झाली होती. हातगाडीवाला दुपारी येणार होता. बाईंडर छापखान्यातून लवकर आला. त्याच्या काखेत नव्या वर्षाची दोन कॅलेंडरं होती, एक या दुकानासाठी आणि एक त्या. ती कुठे ठेवावीत ते न कळून तो काखेतच धरून उभा राहिला. पोस्टमनही दारात होता, आत यायला अजून बिचकत.

पाळी वन्संची होती.

त्यांनी पान फाडलं आणि मागे वळवलं. कोरं! डिंकाचा एक पिवळट डाग, बाकी काही नाही. वन्संनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, उजेडाकडे धरलं. मला वाटलं, त्यांना वाटतंय की आपल्याला दिसतच नाही. वहिनीच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती दोरीची गाठ अर्धी सोडून उभी राहिली. पान कोरं आहे हे तिला महिनाभर आधीपासून माहीत होतं. ती उचलून बघायची ना!

वन्संनी घसा साफ केला. आणि पुतळ्याकडे न बघता, पानाकडेच बघत, नेहमीच्या वाचायच्या आवाजात त्या म्हणाल्या,

“आजची माहिती. खिडकीजवळच्या उजेडाची सवय झालेलं शिवणाचं मशीन दुसऱ्या खोलीत नेलं, तर ते चालत नाही.”

मी हादरलो. साफ खोटं! कुठल्याही मशीनला उजेडाची सवय नसते. माझ्या पानावरून, माझ्या नावावर, पहिलं आणि शेवटचं खोटं.

मग वहिनी म्हणाली, “असं छापलंय?”

कितीतरी महिन्यांत ती वन्संकडे बघून पहिल्यांदा बोलत होती.

“छापलंय,” वन्सं म्हणाल्या.

“बघू.”

वन्संनी पान पुढे केलं. वहिनीने ते घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि कोऱ्या बाजूवर बोट ठेवून वाचल्यासारखं केलं. “पुढेही काहीतरी आहे,” ती म्हणाली. “मशीन नेलं तर सुया कोण ओवणार, तेही दिलंय.” मग डोळे पुसत, हसत, पूर्वीच्या त्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, “बरं झालं कळलं, वन्सं!”

वन्सं खुर्चीवर बसल्या आणि रडल्या. आडपडदा न ठेवता, पदर तोंडाला न लावता. “मी त्या दिवशी डोळ्यांचं बोलायला नको होतं,” वहिनी म्हणाली. “खरं तेच बोललीस,” वन्सं म्हणाल्या, “म्हणून तर लागलं.” बाईंडर चहा करायला आत गेला आणि या वेळी लगेच बाहेर आला. हातगाडीवाला आला त्यालाही चहाच मिळाला. उरलेलं एक कॅलेंडर पोस्टमनला देऊन टाकलं. तो ते छातीशी धरून गेला.

मी संपलो होतो. उरला तो हा पुठ्ठा. पुठ्ठा शिंप्याच्या दुकानात कधी फुकट जात नाही. दुसऱ्याच दिवशी वन्संनी मला टेबलावर घेतलं, माझ्यावर कॉलरचा साचा आखला, मला कापलं, आणि सवयीने वरच्या टोकाला एक फुली मारली. मला वहिनीकडे सरकवलं. वहिनीने मला कापडावर ठेवलं, खडू उचलला, आणि शिवणारीच्या हिशेबाने माझ्या खालच्या टोकाला एक फुली मारली.

मग दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

“तू फुली खाली मारतेस?”

“तुम्ही वर मारता?”

“वरच मारतात!”

“दुमड खाली असते, वन्सं!”

मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू. पण नाही. आधी वहिनीला फुटलं, मग वन्संना. नाट्यगृहाचा पडदा, विटकरी पट्टे, ‘कल्पना चांगली आहे’, सगळं आठवून त्या इतक्या हसल्या की बाईंडरने आतून विचारलं, काय झालं? कुणालाच सांगता येईना.

त्या दोन्ही फुल्या अजून माझ्या अंगावर आहेत. कोणीच पुसल्या नाहीत. सकाळी नव्या कॅलेंडरचं पान फाडलं जातं, मी त्याच्या शेजारच्या खिळ्यावर लटकून ऐकतो. पोरगं हुशार आहे, पण अजून कोवळं आहे. कालच त्यावर डिसेंबर या नावाचा अर्थ ‘दहावा’ असल्याचं आलं होतं, कारण जुन्या रोमन वर्षात तो दहावा महिना होता. हे मला केव्हापासून माहीत आहे. मी गप्प राहिलो. थोरल्याने गप्प राहायचं असतं.

माझी कड आता मऊ पडली आहे. अजून थोड्या कॉलरी निघतील, मग मलाही बदलतील. त्याचं काही नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरात कुणी तुम्हाला काही सांगायला आलं, अगदी ऐकलेलं, शिळं, बिनकामाचं असलं, तरी त्या माणसाला रिकामं परत पाठवू नका. तो फक्त माहिती सांगायला आलेला नसतो.

वन्संचा हात माझ्याकडे येतोय, एक कॉलर कापायची आहे. माझी माहिती सांगून झाली. आता तुम्ही काय म्हणायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे.